फेरीबोट सुसाट का सुटते?

प्रश्न : गोव्यातल्या रायबंदर–चोडण फेरीबोटीवर मी छोटा गेम लिहिला आहे. जुन्या संगणकावर बोट नीट चालते, नव्या लॅपटॉपवर मात्र सुसाट सुटते. लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडमध्ये) १६ मिलिसेकंदांची स्लीप, म्हणजे विराम, घालूनही फरक राहतोच. — एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपण बोट दर फ्रेमला (पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला) ठरावीक पिक्सेल सरकवत असणार; नवा लॅपटॉप सेकंदाला जास्त फ्रेम काढतो, म्हणून बोटही जास्त सरकते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे १६.६७ मिलिसेकंद येतात. त्यांतून आकडेमोडीला आणि चित्र रेखाटायला लागलेला वेळ वजा करून उरेल तेवढेच थांबावे, सरसकट १६ नव्हे. खरा उपाय मात्र वेगळाच आहे : बोटीचा वेग दर सेकंदाला अमुक पिक्सेल असा ठरवून, तो मागच्या फ्रेमपासून लोटलेल्या सेकंदांनी गुणावा, म्हणजे फ्रेम कमी पडोत वा जास्त, बोट चोडणला तेवढ्याच वेळात लागेल. गेम क्षणभर अडकल्यास हा लोटलेला वेळ फुगून बोट धक्का ओलांडून जाते, म्हणून त्याला ०.१ सेकंदाची कमाल मर्यादा घालावी.