ट्युनिशियात राज्यघटना आहे, संसद आहे, निवडणुकाही होतात. मग तिथले राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांना हुकूमशहा का म्हणतात?

तुमचा प्रश्न रास्त आहे. मी नागरिकशास्त्र शिकवते आणि ट्युनिशियाचं राजकारण बरीच वर्षं वाचत आले आहे. माझ्या मते याचं उत्तर संसदेत किंवा निवडणुकीत शोधण्यापेक्षा घटना न्यायालयात शोधावं. सत्ताधारी राज्यघटनेप्रमाणे वागतात का, हे ठरवणारं हे न्यायालय राज्यघटनेत लिहिलेलं होतं, पण ते कधी स्थापनच झालं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. २५ जुलै १९५७ रोजी बे म्हणजे तिथल्या राजाची राजवट संपवून ट्युनिशिया प्रजासत्ताक झालं. पहिले राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबा १९७५ मध्ये तहहयात राष्ट्राध्यक्ष झाले. १९८७ मध्ये पंतप्रधान बेन अली यांनी डॉक्टरांच्या अहवालावर त्यांना कारभारासाठी असमर्थ ठरवलं आणि स्वतः गादीवर बसले. ते हटले २०११ च्या जानेवारीत, लोक रस्त्यावर उतरल्यावर. म्हणजे प्रजासत्ताकाच्या पहिल्या ५३ वर्षांत राष्ट्राध्यक्ष दोनच.

म्हणूनच २०१४ ची राज्यघटना लिहिणाऱ्यांना एका माणसाच्या हाती सत्ता जाण्याची सर्वांत जास्त धास्ती होती. (ती मंजूर झाली २६ जानेवारीला, हा योगायोग मला फार आवडतो.) त्यांनी सत्ता वाटून टाकली: परराष्ट्र धोरण आणि संरक्षण राष्ट्राध्यक्षांकडे, बाकीचा कारभार पंतप्रधानांकडे, आणि सरकार २१७ सदस्यांच्या संसदेला जबाबदार. आणीबाणीसाठी कलम ८० होतं. देशावर संकट आलं तर राष्ट्राध्यक्षांना विशेष अधिकार मिळत, पण त्या काळात संसद चालूच राहिली पाहिजे आणि ती विसर्जित करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. ३० दिवसांनंतर संसदेचे अध्यक्ष किंवा ३० सदस्य घटना न्यायालयाकडे जाऊन विचारू शकत होते की संकट अजून आहे का.

पण विचारायला न्यायालय तर हवं! १२ न्यायाधीशांपैकी चार संसदेने, चार न्यायमंडळाने (न्यायाधीशांच्या नेमणुका पाहणाऱ्या परिषदेने) आणि चार राष्ट्राध्यक्षांनी नेमायचे होते. सुरुवात संसदेने करायची होती, आणि तीही दोन तृतीयांश बहुमताने, म्हणजे १४५ मतांनी. दुसऱ्या पक्षाच्या पसंतीचा माणूस तिथे बसू नये या भीतीने पक्ष एकमेकांना अडवत राहिले. कितीतरी वेळा मतदान होऊनही संसदेने निवडला एकच न्यायाधीश. आपलं सर्वोच्च न्यायालय प्रजासत्ताक झाल्यावर दोनच दिवसांनी, २८ जानेवारी १९५० ला सुरू झालं. अर्थात आपल्याकडे फेडरल कोर्ट आधीपासून होतं; त्यांना सगळं नव्याने उभं करायचं होतं. तरीही सात वर्षं हा फार मोठा काळ आहे. २०२१ मध्ये संसदेने बहुमताची अट शिथिल केली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष सईद यांनी त्या कायद्यावर सही करायला नकार दिला. न्यायालय नेमायची मुदत केव्हाच उलटून गेली, असं त्यांचं म्हणणं. सईद स्वतः घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक, हे इथे लक्षात ठेवा.

२५ जुलै २०२१ च्या रात्री त्यांनी कलम ८० चा आधार घेऊन पंतप्रधानांना बडतर्फ केलं आणि संसद गोठवली. संसदेच्या फाटकावर लष्कराची वाहनं उभी राहिली, संसदेचे अध्यक्ष राशिद घनुशी यांना आत सोडलं नाही. हे त्या कलमाच्या सरळ विरुद्ध होतं, पण तसं ठरवण्याचा अधिकार असलेलं कोणी नव्हतंच. आणि हेही सांगायला हवं की त्या रात्री हजारो लोक आनंदाने रस्त्यावर आले होते. बेकारी, कोविडमध्ये कोलमडलेली रुग्णालयं आणि संसदेतली हाणामारी यांना ते विटले होते. त्यांचा राग मला खोटा वाटत नाही.

पुढचं वेगाने घडलं. वटहुकमांवर कारभार, संसद विसर्जित, न्यायमंडळ बरखास्त, ५७ न्यायाधीश एकदम कामावरून दूर. २०२२ मध्ये सार्वमताने नवी राज्यघटना आली. मतदान झालं सुमारे ३० टक्के. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीच्या प्रमुखांनीच जाहीर सांगितलं की प्रसिद्ध झालेला मजकूर आमचा नाही.

आज व्यवस्था अशी आहे. पंतप्रधानांना राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि तेच काढतात. संसदेची दोन सभागृहं आहेत, पण राष्ट्राध्यक्षांना पदावरून दूर करण्याची तरतूद घटनेत नाही. या संसदेच्या पहिल्या निवडणुकीत जेमतेम ११ टक्के लोकांनी मत दिलं. २०२४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी प्रशासकीय न्यायालयाने तीन उमेदवारांना लढू द्या असा निकाल दिला. निवडणूक आयोगाने तो मानला नाही, आणि मतदानाला काही दिवस उरले असताना संसदेने त्या न्यायालयाचा निवडणुकीबाबतचा अधिकारच काढून घेतला. रिंगणात उरलेल्या दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी एक तुरुंगात होता. सईद यांना ९० टक्क्यांहून अधिक मतं मिळाली. त्यांना हुकूमशहा का म्हणतात ते यावरून तुमच्या लक्षात येईल, आणि मलाही तो शब्द आता अतिशयोक्त वाटत नाही.

घटना न्यायालय नव्या घटनेतही आहे, या वेळी नऊ न्यायाधीशांचं. राष्ट्राध्यक्षांचं पद अचानक रिकामं झालं तर या न्यायालयाच्या प्रमुखांनी ते तात्पुरतं सांभाळायचं, असं घटना सांगते. २०२४ ची निवडणूक झाली तेव्हाही हे न्यायालय नेमलेलं नव्हतं.