फीडर ट्रिप झाला की आधी रिले बघ
अरे, ११ केव्हीचा फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणारी लाइन, पडला (आपोआप बंद झाला) की लगेच ब्रेकर, म्हणजे लाइनचा मोठा स्विच, चढवायला धावू नकोस. बिघाड ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या रिलेवर अर्थ फॉल्ट (करंट जमिनीत जाणं) आलाय की ओव्हरकरंट (प्रमाणाबाहेर करंट), ते आधी वहीत उतरव. ओव्हरहेड लाइनवर बहुतेक वेळा एकच फेज (तीनपैकी एक तार) जमिनीला लागलेला असतो. पहिल्या पावसात इन्सुलेटरवरची धूळ ओली होते आणि करंट तिच्यावरून खांबात उतरतो.

निफाड-दिंडोरीकडे तार तुटून द्राक्षबागेवर पडली, तर मांडवाच्या सगळ्या तारा जिवंत समज. कोरड्या मुरमावर पडलेल्या तारेतून करंट इतका कमी जातो, की कधीकधी रिले उचलतच नाही, म्हणजे लाइन बंदच होत नाही. लाइन बंद केल्यावरही डिटेक्टर लावून (तारेत सप्लाय नाही हे बघून), दोन्ही बाजूंनी अर्थिंग केल्याशिवाय (तारा जमिनीला जोडल्याशिवाय) हात लावायचा नाही; एखाद्या बंगल्यातला जनरेटर उलटा सप्लाय देत असतो.