म्हापशात बदली झालीय, मराठी येतं, कोंकणी शिकायला खासगी शिकवणी लावू की ग्रुप क्लास?

आधी आठ-दहा तास खासगी घ्या आणि मग ग्रुपमध्ये जा, उलटं नको. मी पणजीत संध्याकाळी नोकरदारांना कोंकणी शिकवते, तिथे दर बॅचला हेच दिसतं, केरळ-बंगळूरची मंडळी असतात, त्यांचे पहिले काही आठवडे देवनागरी गिरवण्यात जातात आणि मराठी माणूस नुसता बसून कंटाळतो नि तिसऱ्या आठवड्यात गायब. तुमची अडचण अक्षरांची नाहीच, ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांची आहे. ‘म्हाका च्या जाय’ म्हणजे मला चहा पाहिजे, पण मराठी कानाला त्यात ‘जा’च ऐकू येतं. लहान मुलीलाही ‘तें आयलें’ म्हणतात, तिथे आपली जीभ सारखी ‘ती आली’कडे वळते, आणि ह्या चुका समोर बसून कोणी त्याच क्षणी पकडल्या तरच सुटतात, वीस जणांत शिक्षकाला त्या ऐकूसुद्धा येत नाहीत. फक्त एक, एकट्याने क्लास बुडवायची सवय असेल तर थेट ग्रुपच लावा, सोबतची माणसं ओढून नेतात, आणि बोलायची भीडही तिथे लवकर मोडते.