आधी अध्याय, मग पेन्सिल

प्रिय लेकी,
प्रभूमध्ये सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर तू विचारलंस, "मावशी, मोठ्या माणसांनी वचनांची चित्रं रंगवायची हे प्रार्थनेत धरायचं की टाइमपासमध्ये?" गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुझं बायबलमधल्या वचनांचं रंगवायचं पुस्तक मी चाळलं. यिर्मया 29:11 चं, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाच्या अकराव्या ओळीचं पान तू किती जिवापाड रंगवलंयस! प्रत्येक पाकळी कडेला गडद, आत फिकट. बँकेच्या परीक्षेचा निकाल लांबलाय, म्हणून 'तुमच्या हिताचे संकल्प' ही ओळ तुला जवळची वाटते, हे कळतं मला. पण ती ओळ कुणाला लिहिली होती असं विचारलं, तर तू गप्प. अगं, ते पत्र आहे! यरुशलेमेहून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं. पाचवी ओळ म्हणते, तिथेच घरं बांधा, मळे लावा. दहावी ओळ सत्तर वर्षं सांगते. म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकलं, त्यांतले कितीतरी जण परत येणारच नव्हते. हे ठाऊक असतं, तर त्या पाकळ्यांना तू हेच रंग दिले असतेस का?

माझं सांगणं एवढंच. आधी अध्याय, मग पेन्सिल. ओळ नव्हे, अख्खा अध्याय, तोही मोठ्यानं.

'शांत राहा, आणि लक्षात ठेवा की, मीच देव आहे' या वचनाभोवती तुझ्या पुस्तकात तळं आणि कमळं आहेत. शेहेचाळिसावं स्तोत्र उघडून बघ. डोंगर समुद्रात कोसळताहेत, राष्ट्रं खवळली आहेत, धनुष्यं मोडताहेत, रथ जळताहेत. त्या गदारोळात ती हाक येते. चित्रकारानं तळं काढलं म्हणून तू निळाच रंग उचलायला हवास असं कुठंय?

आमच्या लहानपणी संडे स्कूलमध्ये सुवर्णवचन घडाघडा म्हटलं की चित्राचं कार्ड मिळायचं. ओळ पाठ, कार्ड खिशात, संपलं. आईला वाचता येत नव्हतं. विड्या वळता वळता ती माझ्याकडून तेविसावं स्तोत्र म्हणवून घ्यायची. शत्रूंच्या देखत ताट वाढलं जातं ती ओळ आली की तिचे हात थांबायचे. पान मांडीवरच्या सुपात तसंच, दोरा बोटात तसाच. मी पुढची ओळ म्हणून मोकळी व्हायचे. तिला त्या ताटात काय दिसत होतं, हे विचारायचं राहूनच गेलं. आता ती नाही.

म्हणून महिला मंडळात रंगवायला बसलो की मी आधी अध्याय वाचायला लावते, पेन्सिली नंतर वाटते. काहीजणींनी यायचं सोडलं. मावशी शाळा घेतात, म्हणाल्या. म्हणू देत. ज्या टिकल्या त्यांना प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांस पत्र बंदिवासातून लिहिलंय हे माहीत आहे, आणि 'मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे' या ओळीआधी पौल पोटभर खाण्याबद्दल आणि उपाशी राहण्याबद्दल बोलतोय हेही. मला एवढं पुरतं.

तुला कुणीतरी हा पोरखेळ आहे असं म्हणालं ना? त्यांना सांग, मध्ययुगात युरोपातल्या मठांत पवित्र शास्त्राच्या हस्तलिखितांवर सोनं चढवत, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या दगडाचा निळा रंग भरत. आणि क्रम बघ: लेखनिक आधी मजकूर लिहायचा, चित्राला जागा सोडायचा. मग सोन्याचा वर्ख, रंग सगळ्यांत शेवटी. मजकूर आधी, रंग मागून. मी काही जगावेगळं सांगत नाहीये.

आता पुस्तक निवडायचं. मुखपृष्ठावर भुलू नकोस. अध्याय आणि ओळीचा आकडा प्रत्येक पानावर हवाच, नसेल तर पुस्तक ठेवून दे. चित्र एकाच बाजूला छापलेलं हवं. कागद पातळ असला की स्केचपेन मागे उतरतं, तेव्हा रंगीत पेन्सिलीच वापर आणि पानाखाली पुठ्ठा ठेव. आपल्या सोलापुरात मे महिन्यात मेणाचे खडू मऊ पडतात नि घामानं रंग फिसकटतो, म्हणून हाताखाली कोरा कागद घ्यायचा. आणि घरातल्या पवित्र शास्त्राच्या समासात रंग भरायचं मनातही आणू नकोस, तो कागद फार तलम असतो.

खरं सांगू? महागडं पुस्तक मागवण्यापेक्षा नवी पेठेतून ड्रॉइंग शीट आण, अध्याय वाच, मनाला लागलेली ओळ मराठीत मोठ्या पोकळ अक्षरांत स्वतः लिही आणि ती रंगव. शिरोरेखा, काना, वेलांटी, सगळ्यांत रंग भरायला भरपूर जागा असते. ओळ तू निवडलेली असेल, प्रकाशकानं नव्हे.

येशूच्या चेहऱ्याला तू गुलाबी पेन्सिल लावलीस, तेही मला खटकलं. गालीलातला सुतार तो, उन्हात वावरलेला यहूदी. तपकिरी पेन्सिल आहे ना डबीत!

राहिला तुझ्या आत्याचा प्रश्न. काका जाऊन महिनाही झाला नाही आणि तू तिला फुलपाखरं नि 'आनंद करा' असलेलं पुस्तक देणार म्हणतेस. नको गं. तिला तेरावं स्तोत्र दे, देवाला 'कुठवर?' असं विचारणारं. अठ्ठ्याऐंशीवं दे, ते तर अंधारातच संपतं. असली पानं या पुस्तकांत मला तरी दिसली नाहीत, तेव्हा तूच लिहून ने. तिच्या डोळ्यांना जमेल अशी जाड रेघ काढ, आणि अध्याय तिला तू वाचून दाखव. त्या दिवशी तिनं पेन्सिल उचलली नाही, तरी घाई करू नकोस.

तुझी,
मावशी