परिपाठातील आरती आणि पालकांची संमती

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत, तर मुलगा अनुदानित माध्यमिक शाळेत नववीत आहे. दोन्हीकडे दर गुरुवारी परिपाठात आरती होते. आम्ही बौद्ध आहोत. हात जोडले नाहीत म्हणून मुलांना वर्गाबाहेर उभे केले. ‘ही शाळेची शिस्त आहे,’ असे मुख्याध्यापक म्हणतात. काय करावे? – एक पालक, केज, जि. बीड

उत्तर : आपल्या दोन्ही मुलांना संरक्षण आहे, परंतु त्याचे स्वरूप वेगळे आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 28(1) नुसार संपूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही. अनुदानित खासगी शाळेला अशी सरसकट मनाई नाही. मात्र 28(3) नुसार तेथे धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान (अल्पवयीन) असल्यास पालकाची संमती लागते. प्रवेश अर्जावरील ‘शाळेचे सर्व नियम मान्य आहेत’ ही छापील ओळ म्हणजे अशी संमती, असे मी मानणार नाही.

शिस्तीचा युक्तिवाद टिकणारा नाही. प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये निकाल दिला. राष्ट्रगीत न गाता आदराने उभ्या राहणाऱ्या केरळमधील मुलांना शाळेतून काढणेही सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये अवैध ठरवले. अर्थात, मुलांनी शांतपणे उभे राहावे, हे त्यांना आवर्जून सांगावे.

तक्रारीत पाठ्यपुस्तकातील नामदेव-एकनाथांचे अभंग मात्र ओढू नयेत. धर्मांविषयी शिकवणे आणि धर्माचे शिक्षण देणे यांतील फरक सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये मान्य केला आहे; शिवाय मराठवाड्यात अशा तक्रारीने मूळ प्रश्न बाजूला पडून गावाशीच वाद उभा राहील. आरती उपासना आहे की शिक्षण, यावरही जिल्हा परिषदेच्या शाळेबाबत वाद घातला जाऊ शकतो, म्हणून भर सक्तीवर आणि शिक्षेवर द्यावा.

दोन्ही मुख्याध्यापकांना स्वतंत्र लेखी अर्ज द्या, त्यात संमती नसल्याचे आणि मुलांना बाहेर उभे केल्याच्या तारखा स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. मुलीच्या बाबतीत, आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी असलेल्या शिक्षण हक्क कायदा, 2009 चे कलम 17 शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास मनाई करते. त्याचा उल्लेख करून अर्जाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. मुलाच्या अर्जाची प्रत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल. एवढ्याने बहुतेक प्रकरणे मिटतात. न मिटल्यास उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात रिट याचिका दाखल करता येईल, आणि तेव्हा पोच असलेल्या या प्रतीच प्रथम मागितल्या जातील.