रायफलची गोळी : आधी पोचण्याचा वेग, मग बोअर
(वाचकांची प्रश्नोत्तरे)

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेच परदेशातल्या कायदेशीर शिकारीचे आहेत. सोलापूर जिल्ह्यातली कितीतरी मुलं आज अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आहेत. तिथे परवाना काढून शिकार करता येते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण प्रश्न कुठलाही असो, उत्तराची सुरुवात एकाच जागेवरून होते. गोळी जनावरापर्यंत किती वेगाने पोचणार आणि त्या वेगाला तिची बांधणी टिकणार का, हे आधी ठरवायचं. बोअर, म्हणजे नळीची आतली रुंदी, किती मोठा, हा विचार त्यानंतर.

प्रश्न : माझ्या भाच्याला मोंटानात एल्कचा परवाना मिळाला आहे. रायफल .३०-०६ आहे. त्याने १५० ग्रेनची गोळी घ्यावी की १८० ची? (जुळे सोलापूर)

१८० ची. ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप आहे, पण वजन जास्त एवढंच त्याचं कारण नाही. एल्क म्हणजे तिथलं मोठं हरीण. त्याचा मोठा नर तीनशे किलोच्या पुढे जातो. तो आडवा उभा असेल तर फुप्फुसापर्यंतची वाट सोपी असते. तिरका उभा असला की गोळीला आधी स्नायू, कधी फऱ्याचं हाड फोडावं लागतं. गोळीचं वजन (पौंडात) आणि जाडीचा वर्ग यांचं गुणोत्तर, म्हणजे सेक्शनल डेन्सिटी, .३०८ इंच जाडीच्या १५० ग्रेन गोळीत .२२६ येतं, १८० ग्रेनमध्ये .२७१. बांधणी सारखी असेल तर दुसरी जास्त खोल जाते. शिवाय १५० ग्रेनची साधी गोळी, म्हणजे आत शिसं आणि वर तांब्याचं पातळ आवरण असलेली, पन्नास-साठ मीटरवर इतक्या वेगाने लागते की हाडावर तिचे तुकडे होतात. जखम रुंद दिसते, पण उथळ राहते.

भाच्याला बाँडेड गोळी, म्हणजे शिसं आवरणाला पक्कं जोडलेली, किंवा पार्टिशन गोळी घ्यायला सांगा. पार्टिशनमागचा प्रश्न हाच होता. अमेरिकन शिकारी जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या मूस या अवाढव्य हरणाच्या अंगात खोलवर न जाता फुटत होत्या, म्हणून त्यांनी मधोमध तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी बनवली आणि १९४८ मध्ये ती विक्रीला आणली. पुढचा भाग फुलतो, म्हणजे पसरून रुंद होतो, भिंतीमागचं शिसं शाबूत राहतं आणि आत ढकलत नेतं.

अंतराचा हिशोबही करायला हवा. .३०-०६ मधून १८० ग्रेनची गोळी नळीतून सुमारे ८२० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते आणि साडेतीनशे मीटरच्या आसपास तिचा वेग ६०० वर येतो. शिशाची गोळी साधारण ५५० पर्यंत फुलते. संपूर्ण तांब्याच्या गोळीला ६०० च्या वरचा वेग असलेला बरा. त्याहून लांबचा नेम, हात कितीही स्थिर असला तरी, मारू नये. तुलनेसाठी स्वीडनचा नियम पाहा. मूससारख्या मोठ्या जनावरासाठी तिथे गोळी ९ ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २७०० जूल ऊर्जा लागते, १० ग्रॅमच्या वर असेल तर २००० जूल पुरते. म्हणजे कायदासुद्धा जड गोळीला सवलत देतो. १८० ग्रेन म्हणजे ११.७ ग्रॅम. त्यामुळे भाच्याची रायफल या कसोटीत सहज बसते.

प्रश्न : पीकसंरक्षणासाठी .३१५ चा परवाना आहे. मक्यात आणि उसात रानडुकरं येतात. कुठली काडतुसं ठेवू? (मोहोळ)

आधी परवान्याचं बोलू. शस्त्राचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगी नव्हे. रानडुक्कर आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश काढू शकतो. आदेश हातात नसताना गोळी झाडली तर गुन्हा दाखल होतो. नुकसान झालं की लगेच वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्या.

आदेश असेल तर सॉफ्ट नोजच (टोकाला शिसं उघडं असलेली, लागताच फुलणारी गोळी) वापरावी, पूर्ण आवरणाची कडक गोळी नको. कडक गोळी डुकरातून आरपार जाते आणि पुढेही जोर राखून असते. आपल्या माळावर काळा खडक आहे. त्यावर आपटून गोळी कुठे वळेल हे कुणीच सांगू शकत नाही. सॉफ्ट नोजसुद्धा आरपार जाऊ शकते, म्हणून डुकरामागे मातीचा बांध किंवा चढ दिसत नसेल तर घोड्याला बोट लावू नये. उभ्या उसात तर कधीच नाही. पाचटापलीकडे तोडणीचा माणूस आहे की जनावर, हे कळत नाही.

नेमाचीही एक गोष्ट. डुकराचं हृदय आपल्याला वाटतं त्यापेक्षा खाली आणि पुढे असतं, पुढच्या पायाच्या रेषेत. पाठीवरचे केस उभे राहिले की अंग जास्त उंच भासतं आणि गोळी कण्याच्या वरून जाते. जुन्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढाल असते. पातळ आवरणाची हलकी गोळी तिथेच वेग गमावते.

प्रश्न : डिसेंबर २०२० मध्ये आमच्या तालुक्यात नरभक्षक बिबट्याला सरकारी आदेशाने मारावं लागलं. अशा कामाला .३७५ सारखी मोठी रायफल लागते का? (करमाळा)

नाही. बिबट्याचं वजन बहुतेक वेळा पन्नास ते सत्तर किलोच्या आसपास, कातडी पातळ, हाडं हलकी. .३७५ ची ३०० ग्रेनची रानरेड्यासाठी बनवलेली गोळी त्याच्यात नीट फुलण्याआधीच बाहेर पडते. जखमी बिबट्या केळीच्या बागेत शिरला की संकट दुप्पट होतं. अशा जनावराला .३०-०६ च्या वर्गातली, लवकर फुलणारी गोळी जास्त योग्य. रायफलपेक्षा उजेड, अंतर आणि मागे वस्ती आहे की नाही, हेच निर्णायक ठरतं.

प्रश्न : मुलगा ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाला असतो आणि सांबरासाठी घरी काडतुसं भरतो. यात धोका कुठे आहे? इथे करता येईल का? (अक्कलकोट)

इथे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. व्हिक्टोरियात सांबरं बाहेरून आणून सोडलेली आहेत आणि त्यांच्या शिकारीला परवाना मिळतो. तिथे किमान .२७० बोअर आणि १३० ग्रेनची गोळी लागते.

धोका बहुतेक वेळा घाईतून येतो. रिकामी पितळी केस, म्हणजे वापरलेल्या काडतुसाची पुंगळी, आधी नीट तपासावी. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं तर केस तिथून फाटायच्या बेतात आहे, ती टाकून द्यावी. साइझिंग करताना, म्हणजे केस साच्यात दाबून पुन्हा मापात आणताना, तिचा खांदा (तोंडाजवळचा निमुळता भाग) सुमारे ०.०५ मिलिमीटरच मागे सरकवायचा. जास्त सरकवला की दर खेपेला पितळ ताणलं जातं आणि तेच कडं तयार होतं. केस लांब झाली असेल तर ट्रिम करावी, नाहीतर तिचं तोंड चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) टोकात अडकून गोळीला आवळतं आणि दाब एकदम चढतो. प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) बुडाच्या पातळीच्या किंचित खाली बसला पाहिजे.

दारूचं माप फक्त कंपनीच्या छापील तक्त्यातून, आणि नेमक्या त्याच गोळीसाठी दिलेलं घ्यावं. तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते आणि केसमधली जागा खाते, म्हणून शिशाचा तक्ता तिला लावू नये. कमाल मापाच्या दहा टक्के खालून सुरुवात करून थोडं थोडं वाढवावं, प्रत्येक पायरीला क्रोनोग्राफने वेग मोजावा. बोल्ट (रायफलची मागची कडी) उचलायला जड जाऊ लागला, प्रायमर चपटा पसरला, बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या खटक्याचा) ठसा उमटला, की तिथेच थांबून माप कमी करायचं. तक्त्याच्या किमान मापाखालीही जाऊ नये. मंद जळणारी दारू फार कमी भरली तर दाब बेभरवशी होतो. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा.

तांब्याच्या गोळीला नळीतल्या खाचांपासून साधारण सव्वा मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी. काडतूस मॅगझिनमध्ये मावतंय ना, तेही पाहावं. जड धक्क्याच्या रायफलमध्ये मॅगझिनमधल्या गोळ्या केसमध्ये आत सरकतात, तिथे क्रिंप, म्हणजे केसचं तोंड गोळीवर आवळणं, लागतो.

आणखी एक गोष्ट सोलापूरकरांना वेगळी समजवावी लागत नाही : ऊन. हिवाळ्यात कमाल मापावर जुळवलेलं काडतूस चाळीस अंशाच्या दिवसात, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तापल्यावर, धोक्याच्या दाबापर्यंत जाऊ शकतं. त्यामुळे माप उन्हाळ्यातही तपासावं आणि काडतुसं सावलीत ठेवावीत. मुलाला हे आवर्जून सांगा.

प्रश्न : शिशाच्या गोळीने मारलेल्या जनावराचं मांस खाणं सुरक्षित आहे का? (बार्शी)

जखमेपासून दूरचं खावं, जवळचं काढून टाकावं. शिशाचे बारीक कण डोळ्यांना दिसणाऱ्या जखमेच्या बरेच बाहेर उडतात, म्हणून सढळ हाताने कापावं. लहान मुलांना आणि गरोदर बाईला असं मांस देऊच नये. टाकलेली आतडी खाऊन गिधाडं मरतात. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर गिधाडांसाठी शिशाच्या गोळ्यांविरुद्ध कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीत शिसं पूर्ण बंद आहे. तांब्याची गोळी जवळजवळ आख्खी राहते.

प्रश्न : मुलगी ५० मीटर रायफल नेमबाजी करते. .२२ ची कुठली काडतुसं घ्यावीत? (सोलापूर)

ब्रँडपेक्षा लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेली काडतुसं, बघा. एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे गट, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचे पुंजके, देतात. चार-पाच लॉटचे एकेक खोके घ्या, रायफल टेकवून प्रत्येकाचे दहा-दहा फैरींचे चार गट ५० मीटरवर काढा. ब्रँड बदलला की आधी दहा-पंधरा फैरी मोकळ्या झाडा, कारण नळीत आधीच्या गोळीचं मेण असतं. १० गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. ज्या लॉटचे चारही गट त्याच्या जवळपास राहतील, त्याच लॉटची हंगामाला पुरतील एवढी काडतुसं एकदम घेऊन ठेवा.