तीन हप्ते गेले म्हणून चौथा भरायचा का?

पावसजवळच्या एका बागायतदारांनी विचारलंय, 2 लाखांना घेतलेले शेअर 90 हजारांवर आलेत, विकू की आपला भाव येईपर्यंत थांबू? वय 42, हापूसची दीडशे कलमं, दोन मुलं शाळेत.

शेअरचं उत्तर लगेच देतो. 90 हजारांचे 2 लाख व्हायला भाव दुपटीच्याही वर जायला हवा, आणि तुमच्या खरेदीच्या भावाशी त्या कंपनीचं काही देणंघेणं नाही. आज हातात रोख 90 हजार असते तर हाच शेअर घेतला असतात का? नसेल तर विका.

पण दादा, पत्राच्या शेवटी जे जाता जाता लिहिलंय त्याने मला जास्त घोर लागलाय. एंडोमेंट पॉलिसी, म्हणजे विमा आणि बचत एकत्र, वर्षाला 1 लाख, 15 वर्षं, तीन हप्ते भरून झाले, त्यातला तिसरा वहिनींच्या पाटल्या ठेवून 11 टक्क्यांच्या गोल्ड लोनमधून, आणि चौथाही तसाच भरणार कारण सोडली तर आधीचे बुडतील. एजंट म्हणतो शेवटी 22 लाख मिळतील, म्हणजे परतावा पडला पाच टक्क्यांच्या आत. 11 ने काढून 5 ने ठेवताय! पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी याचेच 27 लाख होतात. कव्हर, म्हणजे तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना मिळणारी रक्कम, तर फक्त 14 लाख. ज्याचा पैसा एप्रिल-मेमध्ये पेटी विकल्यावर येतो त्याला जानेवारीत, ऐन फवारणीच्या खर्चात लाखाचा हप्ता लावून देणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

तुम्ही अडाणी आहात असं अजिबात नाही. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडलं की तोटा आपल्याला तेवढ्याच फायद्यापेक्षा जास्त बोचतो, नंतरच्या प्रयोगांत साधारण दुप्पट निघालं. 2010 च्या एका अभ्यासात दोन बायकांना पैशाच्या पैजा दिल्या, दोघींचाही अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोका हेरणारा बदामाएवढा भाग, निकामी झालेला, तर त्यांच्यात तोट्याचा हा धसका दिसलाच नाही. दोनच जणी होत्या, पण त्यावरून असं वाटतं की हा धसका नुसत्या आकडेमोडीतून येत नाही. शेअर न विकणं आणि हप्ता भरत राहणं, दोन्हीकडे तोच बसलाय. बागेतलं मर लागलेलं कलम तुम्ही इतकी वर्षं खत घातलं म्हणून ठेवत नाही ना?

आणि भरलेले सगळे बुडत नाहीत. पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती न मोडता तशीच ठेवली, तर 15 पैकी 3 हप्त्यांच्या हिशोबाने 14 लाखांचे 2.8 लाख आणि जमा बोनस मुदतीला मिळतो. आत्ता मोडली तर हातात किती येईल तेही शाखेतून लेखी घ्या, एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. शेअरचे 90 हजार थेट गोल्ड लोनला भरा, उरलेलं फेडून पाटल्या घरी आणा. 50 लाखांचा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला नुसता विमा, तब्येत ठीक असेल तर वर्षाला वीस हजारांच्या आत बसावा, त्याचं मेडिकल जानेवारीच्या आधीच उरका, आणि ती पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनीला हात लावू नका.